न्या चांग : भगवतीचं गाव, येर्सिनचं गाव



आजचं गाव नकाशावर शोधायचं झालं तर व्हिएतनामचा दक्षिणेकडचा भाग पूर्वेला समुद्रात फुगून आल्यासारखा दिसतो, त्या फुगवट्यावर बोट ठेवा. न्या चांग. रोमन स्पेलिंग वाचून आपल्याकडे कुणी 'न्हा त्रांग' म्हणतात. तसं म्हटलं तरी तिथले लोक समजून घेतात. सायगावहून, म्हणजे आजच्या हो ची मिन्ह शहरातून, रेल्वेनं ४११ किलोमीटर. रात्री गाडीत बसायचं, पहाटे उतरायचं. आम्ही दोघं तिथे गेलो ते २०२४ च्या एप्रिलअखेर. सत्तरी ओलांडलेल्या माणसानं उन्हाळ्यात विषुववृत्ताकडे जाऊ नये असं घरच्यांचं मत होतं, पण त्या आठवड्यात जाण्याला कारण होतं. ते पुढे येईलच.

तुमच्यापैकी बरेच जण व्हिएतनामला जाऊन आला आहात. तुम्ही पाहिलं असेल की परदेशी पर्यटक सकाळी दहा वाजता किनाऱ्यावर येतो आणि उन्हात पडून राहतो. व्हिएतनामी माणूस त्या वेळी किनाऱ्यावर औषधालाही सापडत नाही. तो येतो पहाटे पाचला. आजी-आजोबा, सुना, नातवंडं, सगळे. पाण्यात गळ्यापर्यंत उभं राहून गप्पा मारतात, वाळूवर हात-पाय हलवून व्यायाम करतात आणि साडेसातच्या आत किनारा रिकामा. मग माशांचा रस्सा घातलेल्या तांदळाच्या शेवया, वर जेलीफिशचे तुकडे. आमच्या सौभाग्यवतींनी ते तुकडे माझ्या वाडग्यात सरकवले. (हशा) पुन्हा गर्दी होते ती संध्याकाळी चारनंतर. चटया पसरतात, निखाऱ्यावर सुकं माकूल भाजलं जातं, त्याचा वास सहा किलोमीटरच्या किनाऱ्यावर दरवळतो. आपल्या कोकणातल्या माणसाला तिथे अनोळखी काही वाटू नये.

आता या सुट्टीलाच इतिहास आहे, आणि तो फार जुना नाही. समुद्रावर हवा खायला जाणं ही कल्पना तिथे फ्रेंचांनी नेली. कोळ्याच्या दृष्टीनं समुद्र म्हणजे शेत. शेतात कुणी मजा करायला जातं का? फ्रेंच अधिकाऱ्यांसाठी आणि नंतर राजघराण्यासाठी बंगले उभे राहिले. शेवटचा सम्राट बाओ दाइ याच्या नावानं ओळखले जाणारे बंगले आजही दक्षिणेच्या टेकडीवर आहेत. पुढे साम्यवादी राजवटीत कामगार संघटनांची विश्रामगृहं आली. १९८६ मध्ये आर्थिक धोरण बदललं. पण सामान्य नोकरदाराला 'शनिवार-रविवार' नावाची वस्तू मिळाली ती १९९९ च्या ऑक्टोबरात, सरकारी कचेऱ्यांचा आठवडा पाच दिवसांचा झाला तेव्हा. म्हणजे पहाटे पाण्यात उभ्या असलेल्या त्या आजोबांच्या तरुणपणी ही चैन नव्हती. त्यांच्या तरुणपणी युद्ध होतं. २ एप्रिल १९७५ ला हे गाव उत्तरेच्या सैन्याच्या हाती गेलं, ३० एप्रिलला सायगाव पडलं. ३० एप्रिल आणि लागून येणारा कामगार दिन, या दोन दिवसांच्या सुट्टीला जोडून निम्मा देश समुद्रावर लोटतो. जेत्यांची मुलं आणि हरलेल्यांची मुलं एकाच पाण्यात. आपण कुणाशेजारी उभे आहोत हे कुणी विचारत नाही. निदान मोठ्यानं विचारत नाही.

आम्ही गेलो त्या वर्षी याच सुट्टीत चांद्र पंचांगातल्या तिसऱ्या महिन्याच्या २० ते २३ या तिथी आल्या होत्या. या तिथींना न्या चांगच्या देवीचा उत्सव असतो. मला ती जत्रा पाहायची होती.

गावाच्या उत्तरेला काइ नदी समुद्राला मिळते. मुखाजवळ पूल आहे, पुलाखाली कोळ्यांच्या निळ्या होड्या. त्यांच्यात टोपलीसारख्या गोल होड्याही असतात. बांबूच्या विणलेल्या, वरून डांबरासारखा लेप दिलेल्या. पूल ओलांडला की टेकडी लागते आणि टेकडीवर विटांची देवळं. नाव पो नगर. पूर्ण नाव यांग पो इनु नगर, म्हणजे 'नगराची', आपण म्हणू देशाची, 'माता देवी'. हा 'नगर' आपलाच. चाम नावाच्या लोकांच्या भाषेत तो राज्य, देश या अर्थानं मुरला. न्या चांग हे नावही मूळ चाम भाषेतलं, 'बोरूच्या नदीचं गाव' अशा अर्थाचं समजलं जातं. व्हिएतनामी लोक इथे येण्याच्या आधी हजार-बाराशे वर्षं हा मुलूख चामांचा होता. त्यांच्या राज्यांना मिळून चंपा म्हणतात. या भागाचं नाव होतं कौठार.

सर्वांत उंच देऊळ २३ मीटरच्या आसपास आहे. विटा एकमेकींवर अशा बसवल्या आहेत की मधला चुना दिसतच नाही. कशानं जोडल्या यावर स्थापत्याचे अभ्यासक अजून भांडतात. दारावर दगडी पट्टिकेत एक चतुर्भुज देवी आहे, पायाखाली रेडा. तुळजापूरला जाऊन आलेल्या माणसाला ती कोण हे सांगावं लागत नाही. पायथ्याशी मंडपाचे अष्टकोनी वीटखांब उभे आहेत. दहा मोठे आणि बारा लहान.

पण मला देवळापेक्षा जास्त बोलायचं आहे ते तिथल्या लेखांबद्दल. संस्कृत आणि चाम, दोन्ही भाषांतले शिलालेख आहेत, आणि त्यांत या देवीचं चरित्र आहे. बहुतेक चरित्र चोरीचं आहे! ७७४ मध्ये समुद्रातून जहाजांवरून लोक आले. लेख लिहिणारा म्हणतो की ती काळी, हडकुळी, यमासारखी भयंकर, परक्या मुलखात जन्मलेली माणसं होती. (वर्णावरून शेरे मारायची खोड जुनीच आहे.) त्यांनी लाकडी देऊळ जाळलं, मुखलिंग पळवलं. राजा सत्यवर्मा त्यांच्या मागे जहाजं घेऊन गेला, पण लिंग समुद्रात गेलं. मग ७८४ मध्ये त्यानं देऊळ विटांचं बांधलं. पुढे ९१८ मध्ये इंद्रवर्मा राजानं भगवतीची सोन्याची मूर्ती बसवली. दहाव्या शतकाच्याच मध्यावर ख्मेर लोक, म्हणजे कंबोडियाचे, स्वारी करून आले आणि सोन्याची मूर्ती घेऊन गेले. ९६५ मध्ये पुढच्या राजानं शहाणपणानं दगडाची मूर्ती बसवली.

हा ९१८ चा इंद्रवर्मा माझ्या विशेष जिव्हाळ्याचा. त्याच्या लेखात त्याच्या विद्वत्तेची यादी आहे. मीमांसेपासून सुरू होणारी सहा दर्शनं त्याला येत होती, बौद्ध मत येत होतं, काशिकेसह पाणिनीचं व्याकरण येत होतं, शैवांचे आख्यानग्रंथ येत होते. राजस्तुती आहे, त्यातलं निम्मं सोडून द्या. तरी उरतं काय? न्या चांगसारख्या ठिकाणी दहाव्या शतकात काशिका वृत्तीचं नाव माहीत असणं ही प्रतिष्ठेची गोष्ट होती! मी चाळीस वर्षं तत्त्वज्ञान शिकवलं, एम.ए.च्या वर्गात काशिका कशाशी खातात हे ठाऊक असलेली मुलं एका हाताच्या बोटांवर मोजता येतील एवढी भेटली.

आणखी एक लेख. गावापासून जवळच व्हो कान्ह नावाचं खेडं आहे. तिथे सापडलेली शिळा आग्नेय आशियातल्या संस्कृत लेखांत सर्वांत जुनी धरली जाते. तिच्या काळाबद्दल विद्वानांचं एकमत नाही. दुसऱ्या शतकापासून पाचव्या शतकापर्यंत मतं आहेत. श्रीमार नावाच्या राजाच्या कुळातला कुणी आपली संपत्ती आप्तांना देतो आहे, आणि देताना या जगाचं येणं-जाणं कसं चाललेलं असतं याची आठवण करून देतो आहे. ती शिळा आता हनोईच्या राष्ट्रीय इतिहास संग्रहालयात आहे.

इथे आपली छाती फुगते. मी नाकारत नाही, माझीही फुगली. परक्या मुलखात समुद्राकाठी 'भगवती' हे नाव भेटलं की आनंद होणारच. पण या आनंदाचा एक इतिहास आहे, तो तपासून पाहिला पाहिजे. १९२६ मध्ये कलकत्त्याला 'ग्रेटर इंडिया सोसायटी' स्थापन झाली आणि १९२७ मध्ये रमेशचंद्र मजुमदारांचा चंपेवरचा ग्रंथ आला. अफाट कष्टाचं काम आहे. चंपेचे लेख आपल्याकडे वाचले गेले ते त्यांच्यामुळे. पण त्या ग्रंथमालेच्या नावातच 'अतिपूर्वेकडील प्राचीन भारतीय वसाहती' असे शब्द होते. 'वसाहती'! आपण स्वतः इंग्रजांची वसाहत होतो तेव्हाची ही गोष्ट. आमच्याही वसाहती होत्या हे सिद्ध करण्याची गरज वाटली, ती मला समजते. अपमानित माणूस आजोबांच्या तलवारीची गोष्ट सांगतोच. पण चंपेत भारतातून गेलेलं सैन्य नव्हतं, गव्हर्नर नव्हता, भारतात पाठवलेली खंडणी नव्हती. चाम राजांनी संस्कृत घेतलं, कारण त्यांना ते हवं होतं. त्यांनी त्यात स्वतःची देवी बसवली. 'पो इनु नगर' ही बाहेरून आलेली भगवती नव्हे. ती तिथलीच आई, तिला भगवतीचं नाव मिळालं. घेणाऱ्याचं कर्तृत्व देणाऱ्याच्या खात्यावर जमा करणं हा बौद्धिक आळस आहे. खरं म्हणजे त्याला आळसापेक्षा कडक शब्द वापरायला हवा, पण आज जाऊ द्या.

चामांनी तर आपल्या देवळाचं मूळ विचित्रसागर नावाच्या राजाकडे, थेट द्वापारयुगात नेऊन ठेवलं आहे. म्हणजे आमच्याकडचं बाहेरून आलं आहे असं त्यांच्या मनातही नव्हतं. द्वापारयुग त्यांचंही होतं.

आता पुढचा, मला अवघड वाटणारा भाग. १६५३ मध्ये न्युएन सरदारांनी हा मुलूख चामांकडून जिंकून घेतला. चाम दक्षिणेला सरकले. मग देवीचं काय झालं? जिंकणाऱ्याकडे सर्वसाधारणपणे दोन मार्ग असतात, मोडणं किंवा ओस पडू देणं. व्हिएतनामी वसाहतकऱ्यांनी तिसरा मार्ग घेतला. त्यांनी तिला नमस्कार केला. नव्या मुलखात आलेला गरीब शेतकरी जमिनीच्या जुन्या मालकिणीला घाबरतो, तिला न विचारता नांगर घालत नाही. तिचं नाव झालं थिएन इ आ ना. न्युएन सम्राटांनी पुढे तिला वरच्या दर्जाची देवता म्हणून सनदा दिल्या. दहा हातांच्या दगडी मूर्तीवर रेशमी झगे चढले, मुकुट आला. आणि १८५६ मध्ये फान थान्ह ज्यान या मोठ्या दरबारी विद्वानानं तिची कथा लिहून शिळेवर कोरवली, ती शिळा देवळाच्या मागे आहे.

ती कथा ऐका. कलिंगडं पिकवणारं एक म्हातारं जोडपं होतं. त्यांना एक अनाथ मुलगी सापडली. ती एका अगरूच्या ओंडक्यात शिरली आणि ओंडका समुद्रातून वाहत उत्तरेला, चिनी मुलखाला लागला. तिथल्या राजपुत्राशी तिचं लग्न झालं, दोन मुलं झाली. मग तिला माहेरची ओढ लागली, मुलांना घेऊन ती परत आली, लोकांना शेती आणि विणकाम शिकवलं. राजपुत्राची माणसं तिला शोधत जहाजांतून आली आणि गावकऱ्यांना छळू लागली, तेव्हा जहाजं बुडाली, दगड झाली.

किती गोड कथा आहे! पण वाचताना एक डोळा उघडा ठेवा. कथेत चाम राजे नाहीत. सत्यवर्मा नाही, इंद्रवर्मा नाही, महिषासुर तर नाहीच. चिनी अक्षरांत लिहिणाऱ्या दरबारी माणसानं देवीला उत्तरेची सून करून टाकलं. परक्या देवीची पूजा करायची असेल तर तिचं लग्न आपल्या नात्यात झालेलं बरं! देवी वाचली, तिच्या लेकरांचा वंशवृक्ष मात्र बदलला. हे मोडतोडीपेक्षा बरं की वाईट? मी पुष्कळ विचार केला आहे. देऊळ उभं राहिलं, दिवा तेवत राहिला, ही लहान गोष्ट नाही. आणि तरीही ज्यांचा दिवा होता त्यांनी तो दुसऱ्याच्या हातात पाहणं, हेही लहान नाही. या दोन वाक्यांपैकी एक खोडून दुसरं ठेवायला मी तयार नाही.

उत्सवाच्या दिवशी मूर्तीचे झगे उतरवून सुगंधी पाण्यानं तिला न्हाऊ घालतात, नवी वस्त्रं नेसवतात. त्या वेळी गाभाऱ्याचं दार बंद असतं. बाहेर अंगणात माणसांचा समुद्र. सकाळी पोहून आलेली, अजून केस ओले असलेली कुटुंबं. आखूड कपड्यांतल्या पोरींना दारावर राखाडी झगे देतात, ते चढवून त्या रांगेत. ताटांतून फळं, फुलं, उदबत्त्यांचे जुडगे. टाळ-ढोलावर नाचणाऱ्या बायांचे जथे होते, डोक्यावर फुलांची उतरंड तोलून नाचणाऱ्या. आमच्या शेजारी एक गृहस्थ सायगावहून आले होते, बांधकामाच्या सामानाचं दुकान होतं त्यांचं. त्यांची मुलगी इंग्रजी बोलायची. मी तिच्यामार्फत विचारलं, ही देवी कुणाची? त्यांना प्रश्न समजेना. दोनदा विचारल्यावर म्हणाले, 'आईची.' पुन्हा विचारलं, चाम लोकांची होती ना? ते म्हणाले, 'हो, आधी त्यांची. आता सगळ्यांची.' आणि उदबत्ती लावायला निघून गेले. 'आता सगळ्यांची' हे वाक्य जिंकलेल्या माणसाला फार सहज बोलता येतं, हे मी त्या भल्या माणसाला सांगत बसलो नाही.

पूल ओलांडून परत गावात आलं की समुद्राला लागून चान फू नावाचा लांबलचक रस्ता आहे. त्यावर उंच हॉटेलांच्या रांगेत एक जुनी, फिकट पिवळी इमारत: पाश्चर इन्स्टिट्यूट. इथे याच गावातला दुसरा परका भेटतो, आणि त्याची वाट मुंबईवरून जाते.

अलेक्झांड्र येर्सिन, जन्म १८६३, स्वित्झर्लंड. पॅरिसमध्ये पाश्चरच्या संस्थेत शिकला, तिथे उत्तम भवितव्य असताना कंटाळला, आणि बोटीवरचा डॉक्टर होऊन पूर्वेला आला. १८९१ मध्ये तो न्या चांगला उतरला आणि या किनाऱ्याच्या प्रेमात पडला. १८९४ मध्ये हाँगकाँगला प्लेग आला. जपानचे कितासातो यांना तिथल्या इंग्रज अधिकाऱ्यांनी प्रयोगशाळा दिली, येर्सिनला प्रेतांना हात लावू दिला नाही. त्यानं बांबू-गवताची झोपडी बांधली, प्रेतं पुरणाऱ्या खलाशांच्या हातावर पैसे ठेवले, गाठींतला द्राव मिळवला आणि सूक्ष्मदर्शकाखाली प्लेगचा जंतू पाहिला. त्या जंतूला आज त्याचंच नाव आहे, येर्सिनिया पेस्टिस. परत येऊन १८९५ मध्ये न्या चांगला त्यानं प्रयोगशाळा काढली. घोड्यांना जंतू टोचून त्यांच्या रक्तातून प्लेगवर रस करायचा, असं काम.

१८९६ च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस या गोमंतकीय डॉक्टरनं प्लेगचं निदान केलं. पुढचं आपल्याला पाठ आहे. हाफकिन, तेही पाश्चर संस्थेतलेच, ग्रँट मेडिकल कॉलेजात लस बनवत होते. १० जानेवारी १८९७ ला त्यांनी ती स्वतःला टोचून घेतली. आणि मार्च १८९७ मध्ये येर्सिन मुंबईत उतरला, न्या चांगच्या घोड्यांचा रस घेऊन. आदल्या वर्षी चीनमध्ये त्या रसानं बरेच रोगी वाचले होते. मुंबईत तो फसला. रस कमजोर होता, रोगी उशिरा मिळत होते, साठा संपला. येर्सिन पुढे कच्छच्या मांडवीला गेला, तिथून न्या चांगला परतला. त्याच्या जागी सिमाँ नावाचा फ्रेंच डॉक्टर आला, आणि १८९८ मध्ये कराचीत त्यानं दाखवून दिलं की प्लेग उंदरांवरच्या पिसवांमुळे माणसाला होतो.

आता त्याच मार्च महिन्यात आपल्याकडे काय चाललं होतं ते शेजारी ठेवून पाहा. १० मार्च १८९७ ला पुण्यात सावित्रीबाई फुले गेल्या, प्लेगच्या रोग्यांची सेवा करताना. पुण्यात रँडची प्लेग समिती कामाला लागली होती, गोरे सोजीर घरांत शिरत होते, देवघरांपर्यंत जात होते. २२ जूनच्या रात्री चापेकर बंधूंनी रँडला गोळी घातली. पाठोपाठ टिळकांवर राजद्रोहाचा खटला. आपल्या मराठी स्मरणात प्लेग म्हणजे रँड. येर्सिन आपल्या आठवणीत नाही, आणि असण्याचं फारसं कारणही नाही. तो आला, औषध चाललं नाही, गेला. हाफकिनचं नाव निदान परळच्या संस्थेवर राहिलं.

व्हिएतनामात मात्र काय झालं? फ्रेंच गेले तसे रस्त्यांची नावं बदलली. गव्हर्नर, ॲडमिरल, सगळे पुसले गेले. १९७५ नंतरही सायगावात येर्सिन या नावाचा रस्ता राहिला. साम्यवादी सरकारनं ठेवला! न्या चांगचे कोळी त्याला 'ओंग नाम' म्हणत. 'ओंग' म्हणजे आजोबा, आदराचं. 'नाम' म्हणजे पाच, कारण त्याच्या कर्नलच्या गणवेशावर पाच पट्टे होते. तो कोळीवाड्यातच राहिला, सोम कोन नावाच्या वस्तीत, गच्चीवर दुर्बीण लावून. वादळ येणार असं दिसलं की कोळ्यांना बजावायचा, त्यांना आपल्या पक्क्या घरात घ्यायचा. गरिबांवर फुकट उपचार करायचा. लग्न केलं नाही. १ मार्च १९४३ ला तिथेच गेला. गावाबाहेर सुओइ झाउला, जिथे त्याचे रबराचे मळे होते, तिथे त्याची साधी निळसर समाधी आहे. शेजारी लहानसं देवघर, त्यात उदबत्त्या. जवळच्या पॅगोडात त्याची तसबीर पूजेत आहे.

मी गेलो तेव्हा समाधीपाशी एक शाळेची सहल होती. मुलांनी चपला काढल्या, तीन-तीन उदबत्त्या लावल्या, मग फोटो काढले, मग चिप्स खाल्ल्या.

येर्सिनला संत करण्याची माझी इच्छा नाही. त्याचे मळे फ्रेंच सत्तेच्या सवलतीतून आले होते, त्याचं रबर मिशेलां कंपनी घेत होती, आणि इंडोचायनातल्या रबराच्या मळ्यांवर मजुरांचे काय हाल होत याचा इतिहास काळाकुट्ट आहे. डोंगरात जाऊन त्यानं लांग बिआन पठाराची पाहणी केली, त्यावर फ्रेंचांनी दालात हे थंड हवेचं ठिकाण वसवलं, ते डोंगरी जमातींच्या जमिनीवर. हा सगळा माणूस त्या समाधीत आहे. पण लोकांनी त्याच्यातलं काय निवडलं, याकडे मी पाहतो. प्लेगचा जंतू बहुतेकांना माहीतही नसतो. त्यांना माहीत असतं की तो इथे राहिला आणि वादळात दार उघडं ठेवायचा. रँडही प्लेगसाठीच आला होता. विज्ञान एकच, साम्राज्यही साधारण एकाच जातकुळीची, रोग तर अक्षरशः तोच. फरक दाराचा आहे. एकाचे सोजीर तुमचं दार फोडून आत आले, दुसऱ्यानं स्वतःचं उघडलं.

बाकी गावात पुष्कळ काही आहे. लाँग सन पॅगोडावरची पांढरी बुद्धमूर्ती, तिच्या बैठकीवर १९६३ मध्ये दिएमच्या राजवटीविरुद्ध स्वतःला जाळून घेणाऱ्या भिक्षूंचे चेहरे आहेत. चढायला पायऱ्या बऱ्याच आहेत, सावकाश जा. समुद्रविज्ञान संस्था १९२२ ची, तिथे १८ मीटरच्या देवमाशाचा सांगाडा. दक्षिणेला काम रान्हचं बंदर. १९०५ मध्ये सुशिमाला बुडायला निघालेलं झारचं आरमार तिथे थांबलं होतं, नंतर अमेरिकन आले, नंतर सोव्हिएत, आणि आता त्याच बाजूच्या विमानतळावर सुट्टीवरचे पर्यटक उतरतात. यावर स्वतंत्र बोलता येईल.

दोन चिठ्ठ्या आल्या आहेत. पहिली, तिथे शाकाहारी जेवण मिळतं का. मिळतं. 'चाय' असं लिहिलेली खानावळ शोधा, बौद्ध लोक चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या तिथीला शाकाहार करतात, त्यामुळे ही सोय गावोगाव आहे. मात्र माशाचं पाणी नको हे वेगळं सांगा.

दुसरी चिठ्ठी महत्त्वाची आहे: चाम लोक आज कुठे आहेत? व्हिएतनामात, २०१९ च्या जनगणनेप्रमाणे, पावणेदोन लाखांहून थोडे जास्त. बरेचसे दक्षिणेला फान रांगच्या आसपास. त्यांच्यातले काही स्वतःला 'बालामोन' म्हणवतात. शब्द ओळखलात ना, ब्राह्मण. शेजारी 'बानी' आहेत, इस्लामचा संस्कार घेतलेले, पण आपल्या पद्धतीचे. मेकाँगच्या बाजूला सुन्नी मुसलमान चाम आहेत. त्यांची लिपी ब्राह्मीच्या वंशातली. न्या चांग हातचं गेल्यावर फान रांगजवळच्या हुउ दुक गावी त्यांनी याच देवीचं दुसरं ठाणं केलं. तुळजापूरची भवानी प्रतापगडावर आली, तशातलाच प्रकार. तेव्हा तिची घरं आता दोन आहेत. उत्सवाला चाम न्या चांगलाही येतात, नैवेद्य आणतात, पण घरचा सण हुउ दुकला.

पो नगरच्या आवारात पर्यटकांसाठी चाम बायका हातमागावर बसून कापड विणून दाखवतात. त्यांतल्या एकीशी दुभाष्यामार्फत बोललो. फान रांगकडची होती, शंभर किलोमीटरवरची. मी म्हटलं, आज एवढी जत्रा, सुट्टी नाही का? ती धोटा न थांबवता म्हणाली की सुट्टीच्या दिवसांतच गिऱ्हाईक असतं. तिची सुट्टी ऑक्टोबरात, काते सणाला. तेव्हा चार दिवस माग बंद ठेवून ती हुउ दुकला जाते.